लाइमलाइटचा चुना कुठे लावावा?

पत्र: आमचं दशावतारी मंडळ दिल्लीतल्या एका लोककला महोत्सवासाठी अर्ज करतंय. सोबत इंग्रजीत दोन पानी माहितीपत्रक आणि रंगमंचाच्या गरजांचा तक्ता मागितलाय. मंडळात त्यातल्या त्यात माझं इंग्रजी बरं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. 'लाइमलाइट' हा शब्द मी चार ठिकाणी वापरला आहे: (१) अवर ट्रूप केम इन लाइमलाइट आफ्टर परफॉर्मिंग इन मुंबई. (२) द प्ले इज परफॉर्म्ड अंडर द लाइमलाइट ऑफ पेट्रोमॅक्स. (३) संकासुर इज द लाइमलाइट ऑफ अवर शो. (४) वी वॉन्ट टू लाइमलाइट धिस डाइंग आर्ट. ओळखीच्या एका मास्तरांनी चारही वाक्यांवर काट मारली, कारण काही सांगितलं नाही. आणि आमचे पेटीवाले काका विचारतात, "लाइम म्हणजे लिंबू मां? मगे लिंबाचो उजेड खंयसून इलो?" त्यांना काय सांगू?
– एक वाचक, कुडाळ तालुका

आधी काकांचं घेऊ, कारण सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच आहे.

इंग्रजीत 'लाइम' नावाचे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग एकच. एक लिंबू. तो शब्द फारसी-अरबीतून युरोपात गेला, तेव्हा काकांना लिंबाची आठवण झाली यात नवल नाही. दुसरा लाइम म्हणजे चुना. चुनखडीला 'लाइमस्टोन' म्हणतात तो हाच. लाइमलाइट हा चुन्याचा उजेड. त्यातही पानाला लावतात तो विरवलेला चुना नव्हे, तर कळीचा चुना: भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला. आपल्याकडे शिंपले भाजून चुना काढायचे, तेव्हा भट्टीतून पहिल्यांदा निघायचा तोच पदार्थ.

हा चुना जळत नाही आणि सहजी वितळतही नाही. वितळायला अडीच हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. त्याच्या कांडीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जळती धार सोडली की कांडी पांढरीशुभ्र तापते आणि डोळे दिपतील असा उजेड देते. १८२०च्या दशकात इंग्लंडात गोल्डस्वर्दी गर्नी यांनी या उजेडावर काम केलं. त्याच दशकात थॉमस ड्रमंड या लष्करी इंजिनिअरने आयर्लंडच्या भूमापनासाठी त्याचा दिवा बनवला. डोंगरमाथ्यावर लावलेला तो दिवा शंभर किलोमीटरपलीकडून दिसला. १८३७मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगमंचावर आला आणि १८६०-७०पर्यंत मोठ्या नाट्यगृहांत सर्रास झाला. पुढे विजेचे दिवे आले आणि तो मागे पडला.

आता या दिव्याची खोड बघा, कारण वाक्प्रचाराचा अर्थ तिच्यातून आला आहे. तो लावून सोडून देण्याजोगा नव्हता. दोन्ही वायू वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, फळ्यांमध्ये दाबून, वर वजनं ठेवून नळीत ढकलावे लागत. दाब कमीजास्त झाला आणि वायू नको तिथे एकमेकांत मिसळले की स्फोट. ज्योत एकाच जागी लागत राहिली की कांडीला खड्डा पडायचा, म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने फिरवायची. कांडी गार असताना एकदम ज्योत मारली तर तडकायची. कांड्यांचा डबा उघडा राहिला तर हवेतला ओलावा पिऊन चुना फुलायचा आणि त्याची भुकटी व्हायची. आपल्याकडच्या श्रावणात तर एक रात्रही टिकला नसता. म्हणून प्रत्येक दिव्यामागे एक माणूस कायम उभा. तो भिंगातून उजेडाचा झोत करायचा आणि नट जिकडे जाईल तिकडे वळवायचा. ब्रिटिश नाट्यगृहांत नटाचा पाठलाग करणाऱ्या विजेच्या झोतालाही जुन्या सवयीने 'लाइम' म्हणतात.

म्हणजे लाइमलाइटमध्ये उभा असतो तो स्वतः उजळत नाही. दुसरा कोणीतरी झोत त्याच्यावर धरून असतो, आणि तो झोत वळूही शकतो. लाक्षणिक अर्थही तोच: लोकांचं, विशेषतः वर्तमानपत्रांचं आणि टीव्हीचं लक्ष एखाद्यावर असणं. गुणवत्ता त्यात येत नाही. चांगला नटही लाइमलाइटमध्ये असतो आणि घोटाळ्यात अडकलेला पुढारीही. 'लाइमलाइट' म्हणजे 'प्रसिद्ध, उत्तम, महत्त्वाचं' असं धरून चाललात की तुमची चारही वाक्यं होतात. मास्तरांची काट बरोबर आहे, पण चारही ठिकाणची चूक एक नाही.

पहिल्या वाक्यात चूक बारीक आहे आणि मराठीतून आली आहे. आपण 'लाइमलाइटमध्ये आहे' म्हणतो आणि 'लाइमलाइटमध्ये आलं' असंही. दोन्हीकडे 'मध्ये' चालतं. इंग्रजीत असण्याला 'इन' आणि येण्याला 'इनटू' लागतं. शिवाय मराठीत नामाआधी 'द' नसतं, म्हणून ते गळतं. या वाक्प्रचारात 'द' सुटूच शकत नाही: 'केम इनटू द लाइमलाइट', 'इज इन द लाइमलाइट', 'स्टेज आउट ऑफ द लाइमलाइट'. विशेषण घालायचं तर 'द'च्या नंतर: 'द नॅशनल लाइमलाइट'. 'अ लाइमलाइट' नाही, अनेकवचनी 'लाइमलाइट्स'ही नाही.

व्याकरण सुधारलं तरी मी हे वाक्य ठेवण्याआधी एक गोष्ट विचारीन. मुंबईच्या प्रयोगानंतर नेमकं काय झालं? वर्तमानपत्रांत आलं, वाहिन्यांनी बोलावलं, तर लाइमलाइट बरोबर. नाट्यगृह भरलं आणि टाळ्या पडल्या एवढंच असेल तर तो शब्द फुगवलेला आहे. तिथे 'वॉज वॉर्मली रिसीव्ड' पुरे. दुसरं, या शब्दाला तात्पुरतेपणाचा वास आहे. झोत आला म्हणजे कधीतरी जाणारही. पिढ्यान्‌पिढ्या जत्रा करणाऱ्या मंडळाने 'मुंबईनंतर आम्ही लाइमलाइटमध्ये आलो' असं लिहिलं, तर त्याआधीची सगळी वर्षं अंधारात होती असा अर्थ निघतो. तुमच्या जत्रांची यादी द्या: गाव, देवस्थान, किती वर्षांपासून. निवडणाऱ्यांना ती जास्त सांगेल.

दुसऱ्या वाक्यात मात्र गंमत आहे. तिथे तुम्ही शब्द खऱ्या दिव्यासाठी वापरलाय, आणि पेट्रोमॅक्स हा लाइमलाइट नव्हे. भाऊबंद आहे. गॅसबत्तीतही ज्योत स्वतः फारसा उजेड देत नाही, तापलेलं मेंटल, म्हणजे ज्योतीभोवतीची जाळी, देतं. ते थोरियम ऑक्साइडचं, त्यात साधारण एक टक्का सेरियम ऑक्साइड. हे प्रमाण ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८९१च्या सुमारास बसवलं. पहिल्यांदा पेटवल्यावर जाळीचं सूत जळून जातं आणि मागे नुसतं राखेसारखं कवच राहतं. म्हणूनच बत्ती जरा आपटली की मेंटल झडतं. तत्त्व चुन्याच्या कांडीचंच, पण इंधन रॉकेल, पंपाने दाब, आणि हायड्रोजनचं नाव नाही. नाटकाचा दिल्लीतला जाणकार माणूस 'लाइमलाइट ऑफ पेट्रोमॅक्स' वाचून गोंधळेल, आणि अग्निसुरक्षेचं बघणारा वाचेल तर घाबरेल.

इथे सरळ वस्तूचं नाव द्या: 'ट्रॅडिशनली परफॉर्म्ड बाय द लाइट ऑफ पेट्रोमॅक्स लॅन्टर्न्स'. 'ट्रॅडिशनली' हा शब्द गाळू नका, कारण आज बहुतेक ठिकाणी ट्यूबलाइट आणि हॅलोजन असतात. फोटोत एलईडी आणि मजकुरात गॅसबत्ती असं झालं की वाचणारा पुढचंही सगळं संशयाने वाचतो. आणि 'अंडर' काढा. 'अंडर' जातं 'स्पॉटलाइट'बरोबर, आणि 'अंडर द स्पॉटलाइट' म्हणजे बहुधा चौकशी, छाननी. एखादी संस्था हिशोबामुळे 'अंडर द स्पॉटलाइट' येते. तुम्हाला ते नको असणार.

तिसऱ्यात शब्दच चुकलाय. तुम्हाला म्हणायचंय 'हायलाइट', म्हणजे कार्यक्रमातला सगळ्यात रंगणारा भाग. लाइमलाइट ही स्थिती आहे, माणूस किंवा प्रवेश लाइमलाइट 'असू' शकत नाही, 'मध्ये' असू शकतो. पण 'हायलाइट ऑफ अवर शो' लिहितानाही जरा थांबा. संकासुर हा असुर येतो आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात. मुख्य आख्यान त्याच्यानंतर. परक्या वाचकाला वाटेल रात्रभर संकासुरच आहे. 'द हायलाइट ऑफ द प्रोलॉग' म्हणा, आणि आख्यानातल्या राजाबद्दल आणि स्त्रीपार्टीबद्दल एकेक स्वतंत्र ओळ द्या. नाहीतर दिल्लीचं नंतर, आधी मंडळातच रुसवेफुगवे.

संकासुराला 'स्टील्स द शो' म्हटलंत तर ती शुद्ध स्तुती आहे, खुशाल लिहा. पण 'स्टील्स द लाइमलाइट' तितकं निरागस नाही. दुसऱ्याच्या वाट्याचं लक्ष पळवणं असा त्यात सूर असतो, आणि बरेचदा पुढे 'फ्रॉम' लावून कोणाचं पळवलं तेही येतं. 'हॉग्ज द लाइमलाइट' तर शिवीच्या जवळ जाणारं. हॉग म्हणजे डुक्कर. सगळं एकट्याने ओरपणारा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे असा एखादा नट प्रत्येक मंडळाला ठाऊक असतो, पण माहितीपत्रकात त्याची नोंद करायची नसते. 'शेअर द लाइमलाइट' चांगल्या अर्थाचं आहे, दोन नटांच्या जुगलबंदीला बसेल.

चौथ्या वाक्यात तुम्ही नामाचं क्रियापद केलंय. शब्दकोशांत तसं क्रियापद सापडतं, पण कोणी वापरत नाही, आणि वाचणाऱ्याला ती चूकच वाटेल. 'टू ब्रिंग धिस आर्ट टू अ वायडर ऑडियन्स' लिहा. 'डाइंग' मात्र माझ्या मते व्याकरणापेक्षा मोठी चूक आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात कुठे ना कुठे रोज रात्री दशावतार उभा असतो. ही मरणपंथाची कला म्हणणं खरं नाही. आणि लोककलेच्या अर्जांत 'डाइंग आर्ट' इतक्या वेळा येतं की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते.

चारपैकी एका ठिकाणी लाइमलाइट राहू शकतो, तोही मुंबईनंतर खरंच गाजावाजा झाला असेल तरच. शब्दाची भीती बाळगायचं कारण नाही. पण विषयच नाटकाचा असला की नाटकातून आलेले वाक्प्रचार दगा देतात. एखाद्या बँकेच्या अहवालात 'टेक्स सेंटर स्टेज' आलं तर कोणी मंच शोधायला जात नाही. दशावताराच्या माहितीपत्रकात 'द किंग टेक्स सेंटर स्टेज' आलं की वाचणारा अक्षरशः घेतो: राजा मध्यभागी उभा राहतो. तुमच्याकडे राजा बाकड्यावर बसतो, उठतो, प्रेक्षकांतूनही येतो. 'स्पॉटलाइट', 'सेंटर स्टेज', 'बिहाइंड द सीन्स', 'अपस्टेज', 'लाइमलाइट' या सगळ्यांना तुमच्या विषयात दोन अर्थ आहेत, आणि वाचणारा कुठला घेईल ते तुमच्या हातात नाही.

रंगमंचाच्या गरजांच्या तक्त्यात हा घोळ महागात पडतो. तिथे 'संकासुर नीड्स स्पॉटलाइट' लिहिलंत, मनात 'त्याला महत्त्व द्या' असलं, तरी प्रकाशयोजनाकार झोताचा दिवा आणि तो चालवायला माणूस नेमेल. मग सबंध मंच अंधारात आणि संकासुर एकटा गोल उजेडात. तो मात्र पेटीवाल्याशी आणि सूत्रधाराशी बोलतोय, ते दिसतच नाहीत! विनोदाचा अर्धा जीव तिथेच गेला. या तक्त्यात एकही वाक्प्रचार नको. हवं ते असं लिहा: पूर्ण मंचावर एकसारखा पांढरा किंवा पिवळसर उजेड, रंग बदलणारे दिवे नकोत, अंधार करू नये, वादकांची जागा प्रेक्षकांच्या कुठल्या हाताला, त्यांच्यावरही तेवढाच उजेड, मागे मधोमध बाकडं, त्याची लांबी, उंची, आणि त्यावर उभं राहून उडी मारली जाते म्हणून ते किती मजबूत हवं. माप फुटांत आणि मीटरमध्ये दोन्ही द्या. गॅसबत्ती मंचावर नेणार असाल तर 'केरोसीन, ओपन फ्लेम' असा स्वतंत्र उल्लेख करून परवानगी आधी मागा. बंदिस्त नाट्यगृहात ती सहसा मिळत नाही.

लाइमलाइट काढल्यावर त्या जागी काही घालायचा मोह होईल, म्हणून तीन खड्डे दाखवून ठेवतो.

पहिला 'केम टू लाइट'. 'उजेडात आलं' असं मराठीत कौतुकानेही म्हणतात: नवा कलाकार उजेडात आला. इंग्रजीत 'कम टू लाइट' होतं ते लपलेलं, बहुतेक वेळा लपवलेलं. अपहार, बनावट कागदपत्रं, जुनं हस्तलिखित. 'अवर ट्रूप केम टू लाइट' वाचलं की पुढे पोलीस येतील असं वाटतं. 'शेड लाइट ऑन' वेगळंच. ते आपल्या 'प्रकाश टाकणे'सारखं, म्हणजे उलगडून सांगणं.

दुसरा 'इन द आइज ऑफ द पब्लिक'. लोकांच्या नजरेत असणं म्हणून तुम्ही हे लिहाल, पण त्याचा अर्थ 'लोकांच्या मते' असा होतो. सतत लोकांसमोर असणं म्हणजे 'इन द पब्लिक आय', डोळा एकवचनी. लाइमलाइटपेक्षा हे लांबचं, वर्षानुवर्षांचं. पण मंत्री, खेळाडू, राजघराणी यांच्यासाठी. मंडळासाठी नको.

तिसरा 'स्टिक्स आउट'. संकासुर काळ्या पोशाखात उठून दिसतो, हे सांगायला 'स्टँड्स आउट'. 'स्टिक्स आउट' बहुधा खटकणारं, विजोड. त्याचं लांब रूप 'स्टिक्स आउट लाइक अ सोअर थम' म्हणजे दुखऱ्या, सुजलेल्या अंगठ्यासारखं डोळ्यांत येणं. नव्या कोऱ्या काँक्रीटच्या कमानीमागे जुनं कौलारू देऊळ असेल, तर त्या कमानीला ते म्हणावं.

अर्जापुरता मजकूर मी असा ठेवीन. फक्त एकदा लाइमलाइट, आणि तोही तुमच्याकडे कात्रणं असतील तर: 'द ट्रूप परफॉर्म्स ऑल-नाइट दशावतार अ‍ॅट टेम्पल फेअर्स अक्रॉस सिंधुदुर्ग. अ परफॉर्मन्स इन मुंबई ब्रॉट इट इनटू द लाइमलाइट. द प्रोलॉग, विथ इट्स हायलाइट, संकासुर, इज फॉलोड बाय द मेन प्ले, विच इज इम्प्रोव्हाइज्ड.' कात्रणं नसतील तर मधलं वाक्य 'इट हॅज ऑल्सो परफॉर्म्ड इन मुंबई' एवढंच. वर्ष घाला. 'दशावतार', 'संकासुर' हे शब्द रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत आणि पूर्ण पत्रकात एकाच स्पेलिंगने. एका पानावर शेवटी 'ए' आणि दुसऱ्यावर नाही असं नको.

लाइमलाइट हा इंग्रजीत एकच शब्द आहे, मध्ये जागा नाही, जोडरेघ नाही, पहिलं अक्षर मोठं नाही. मोबाइलवर टाइप करत असाल तर कीबोर्ड तो फोडून 'लाइम' आणि 'लाइट' वेगळे करू शकतो, तेव्हा पाठवण्याआधी तेवढं तपासा. काकांना तेव्हा पुन्हा लिंबू दिसेल.